आईला सांगायचं नाही

ज्योतिबा धनावडे कामोठ्यात राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती, पण सोसायटीत त्यांना नावानं ओळखणारी माणसं चार-पाचच. बाकीच्यांसाठी ते ‘राजीचे आबा’. वॉचमन, दूधवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, सगळे तसंच म्हणत आणि ज्योतिबांना ते मनापासून आवडायचं. उभ्या आयुष्यात लेकरामुळं त्यांची ओळख कधी झाली नव्हती.

चौतीस वर्षं ते तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माथाडी होते. कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गाजर, ट्रकमधून जे येईल ते पाठीवर घ्यायचं आणि गाळ्यात नेऊन टाकायचं. राहायला गाळ्याच्या माळ्यावर, गावाकडचीच आठजणं मिळून. बायको राजाबाई आणि मुलगा शिवतेज जावळी तालुक्यातल्या गावी. वर्षातनं दोनदा, यात्रेला आणि दिवाळीला, ज्योतिबा घरी जायचे. एसटीतून उतरून दारात पोचले की शिवतेज आईच्या पदराआड जाऊन उभा राहायचा. “आरं, बा हाय तुजा,” असं म्हणत राजाबाईनं पुढं ढकलला की दोन पावलं यायचा, हातातला खाऊचा पुडा घ्यायचा आणि परत पदराआड. पोरगं जरा अंगाला लागायला लागलं की ज्योतिबांची निघायची वेळ झालेली असायची. असं करता करता शिवतेज मोठा झाला, शिकला, तळोज्याच्या एका गोदामात सुपरवायझर झाला, लग्न करून कामोठ्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला लागला. बापलेकांत भांडण कधीच नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं.

ज्योतिबा काम सोडून गावी परतले आणि वर्षाच्या आत राजाबाई गेली. दिवस-कार्य उरकल्यावर शिवतेज म्हणाला, “आबा, चला तिकडंच. राजीकडे बघायला कोणीतरी पाहिजेच आहे.” राजी म्हणजे राजनंदिनी, शिवतेज आणि तेजश्रीची एकुलती एक. आजीच्या नावावरूनच तिचं नाव ठेवलं होतं. तेव्हा ती अडीच वर्षांची होती.

पहिले काही महिने ज्योतिबा तिच्याकडं बघून हसले की ती तेजश्रीच्या ओढणीमागं लपायची. दिवसभर त्यांच्या ताब्यात असली तरी कोपऱ्यात बाहुली घेऊन बसायची, हाक मारली की मान वळवायची. हे सगळं ज्योतिबांनी एकदा बघितलेलं होतं.

एका संध्याकाळी बागेतून परत येताना ती रस्त्यात बसून रडायला लागली. ज्योतिबांना काही सुचेना. इमारतीच्या खालीच कुंदनचं किराणा दुकान होतं. कुंदन इथलाच, कामोठे गावातला, ज्योतिबांशी त्याचं चांगलं जमायचं. त्यानं दोरीला लटकवलेल्या माळेतून मसाला रिंगांचं एक पाकीट तोडलं आणि पुढं केलं. “द्या हो आबा तिला. ल्हान पोर हाय, गप बसंल.”

राजी गप्प बसली. एवढंच नाही, दुकानाशेजारच्या बाकड्यावर ती आपण होऊन ज्योतिबांच्या मांडीवर चढली आणि एकेक रिंग बोटात घालून खायला लागली. एक रिंग तिनं त्यांच्याही तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतून “राजे” अशी हाक मारली, तर पोरगी पळत आली.

त्या दिवसापासून रोजचंच झालं. दुपारी साडेबाराला शाळेतून आणायचं, तेजश्रीनं करून ठेवलेला वरणभात भरवायचा, झोपवायचं, पाच वाजता बागेत न्यायचं आणि येताना कुंदनच्या दुकानासमोर बाकड्यावर बसायचं. कधी रिंगा, कधी वेफर्स, कधी क्रीमची बिस्किटं. खाऊन झालं की वॉचमनच्या नळावर तिचे हात धुवायचे, आपल्या रुमालानं तोंड पुसायचं, फ्रॉकवरचा चुरा झटकायचा. सात वाजता तेजश्री यायची. खारघरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काउंटरला होती. आबा आले तेव्हाच तिनं अदबीनं सांगितलं होतं, “आबा, राजीला बाहेरचं पाकिटातलं काही देत नाही हां आपण. तिचं जेवण बिघडतं.” ज्योतिबांनी मान डोलावली होती. म्हणून ते राजीला रोज तोंड पुसताना सांगायचे, “आईला सांगायचं न्हाय. हे आपलं दोघांचं.”

राजीला ते फार आवडायचं.

एक दिवस ज्योतिबा खिशात रुमाल शोधत होते. तो घरीच राहिला होता. राजीनं त्यांच्याकडं बघितलं, आपल्या फ्रॉकचं आतलं टोक वर घेतलं, नीट तोंड पुसलं, बोटं पुसली, आणि फ्रॉक खाली करून त्याचा डाग आत राहील असा सारखा केला. “आता नाही दिसत ना, आबा?” तिनं विचारलं. चार वर्षांची पोर. ज्योतिबा म्हणाले, “न्हाय दिसत.” जिना चढताना त्यांना वाटून गेलं की हे बरं झालं नाही. पण वरती दार उघडलं, राजी “आई” म्हणून आत पळाली आणि तो विचार तिथंच राहिला.

रात्रीचं जेवण हा त्या घरातला रोजचा छळ होता. तेजश्री आल्या आल्या पर्स टाकून स्वयंपाकाला लागायची. मोबाईलवर बघून काय काय करायची. पालक वाटून त्याच्या हिरव्या पुऱ्या. बिटाचा लाल पराठा. भातावर वाटाण्याचे डोळे आणि गाजराचं नाक. गाजराची फुलं करायचा साचाही तिनं आणला होता. राजी ताटाकडं बघायची आणि म्हणायची, “नको.”

“एक घास, राजी. आईसाठी.”

“नको. पोट भरलंय.”

“काय खाल्लंस गं पोट भरायला? दुपारचा वरणभात?”

राजी आबांकडं बघायची. ज्योतिबा टीव्हीकडं बघायचे.

तासभर असं चालायचं. गोष्ट सांगून, मोबाईल लावून, कधी ओरडून दोन घास जायचे. उरलेलं तेजश्री ओट्यापाशी उभ्यानं खायची, गार झालेलं, भाताचे डोळे-नाक मोडून. साडेआठला शिवतेज यायचा. दमलेला असायचा, त्याला हा पसारा बघून वैताग यायचा. “आजपण नाही जेवली? अरे यार. तू तिला टाइमच देत नाहीस तर ती कशी जेवणार?” तेजश्रीची आई फोनवर सांगायची, लेकराला प्रेमानं भरवावं लागतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात लगेच दमते. हे सगळं तेजश्रीवर येऊन पडायचं आणि ती ते घेऊन बसायची. एकदा ज्योतिबांनी तिला मोबाईलमध्ये काहीतरी वाचताना डोळे पुसताना बघितलं. तेव्हा आपली भाकरी त्यांना गिळवेना. दुसऱ्या दिवशी बागेतून येताना ते दुकानाच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागले. राजीनं हात सोडवून घेतला, रस्त्यात उभी राहिली आणि अनोळखी माणसाकडं बघावं तशी त्यांच्याकडं बघायला लागली. ज्योतिबा परत फिरले.

पाकीट नसेल तर ही पोर आपल्याकडं येईल का, हे त्यांनी कधी अजमावलं नाही. त्यांना भीती वाटायची.

मार्चमध्ये मोठ्या मुलांच्या परीक्षेमुळं मिळालेल्या सुट्टीत राजीचं पोट दुखायला लागलं. ती संडासला जायलाच घाबरायची. पाच दिवस झाले, शी झाली नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी ती ओरडत सुटली. तेजश्रीनं तिला बाहेर आणलं तेव्हा चड्डीला रक्त होतं. तेजश्रीनं लॅबला फोन करून रजा टाकली, शिवतेज गोदामात अडकला होता, म्हणून ज्योतिबाच तिच्याबरोबर मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. राजीला खांद्यावर घेऊन. तिचं अंग कढत लागत होतं आणि ती त्यांच्या कॉलरला घट्ट धरून होती.

डॉक्टरबाईंनी राजीला टेबलावर झोपवून पोट दाबून बघितलं. खालची पापणी ओढून बघितली. बोटातून रक्त काढलं. ज्योतिबा टेबलाशी राजीचे बूट हातात धरून उभे होते.

“मळ इतका कडक झालाय की आतून जखम झालीय,” बाई म्हणाल्या. “आणि हिमोग्लोबिन साडेआठ आहे. खाते काय ही?”

तेजश्रीनं सगळं सांगितलं. पालक, बीट, गाजर, वरण.

“ते तुम्ही ताटात वाढता. पोटात काय जातं ते विचारतेय. बिस्किटं, वेफर्स, पाकिटातलं?”

“नाही मॅडम. बाहेरचं काहीच देत नाही मी. घरात ठेवतसुद्धा नाही.”

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. असं सांगणाऱ्या आया त्यांनी बऱ्याच बघितल्या असणार. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “माझ्यापासून लपवून मला काही फरक पडत नाही. त्रास तिला होतोय. नोकरी करता ना? मग संध्याकाळी पटकन काहीतरी हातात दिलं जातं. होतं असं. पण खरं सांगा.”

तेजश्रीचा चेहरा लाल झाला. “खरंच नाही, मॅडम.”

मग बाई राजीकडं वळल्या. गोड आवाजात म्हणाल्या, “राजनंदिनी, तू वेफर्स खातेस का गं? कुरकुरीत?”

राजीनं आबांकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, नाक वाहत होतं, पोटावर हात दाबून धरला होता. तशीच ती बघत राहिली, आबा काय म्हणतात याची वाट बघितल्यासारखी. मग राजीनं मान हलवली. नाही.

वजन उचलायची ज्योतिबांना सवय होती. पण त्या क्षणी हातातले ते चिमणे बूट त्यांना पेलवेनात. पोर वेदनेनं कळवळत असताना आजोबाला दिलेला शब्द पाळत होती, आणि आजोबा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत उभे होते.

औषध दिलं, एनिमा दिला, दुपारपर्यंत राजीला आराम पडला आणि ती झोपली. शिवतेज संध्याकाळी लवकर घरी आला. कागद बघितले आणि त्याचा तोल गेला. “साडेआठ? लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट देतेस ना तू काउंटरवर? स्वतःच्या पोरीचं रक्त कधी तपासलंस?” तो बोलतच राहिला. घरात सगळं असताना पोरगी उपाशी राहते म्हणजे काय, लोक काय म्हणतील, नसेल जमत तर सोड ती नोकरी. ज्योतिबा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून होते. मध्ये फक्त पडदा होता. उठायचं, पडदा सारायचा आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. ते उठले नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढं कितीतरी दिवस त्यांना स्वतःची जास्त चीड आली ती या गोष्टीची. पाकिटं दिली ते एकवेळ वेडेपणानं. पण आवाज त्यांनी कळूनसवरून वाढवला होता.

दोन दिवस असेच गेले. राजी घरीच होती, बागेत जायचं नव्हतं, त्यामुळं पाकिटाचा प्रश्न आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शिवतेज कामावर गेल्यावर तेजश्री जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन काहीतरी लिहीत बसली. ज्योतिबा चहाचा कप ठेवायला गेले तर म्हणाली, “आबा, एक तारखेपासून मी घरीच असेन. तुम्हाला पण जरा आराम मिळेल. लॅबच्या मॅडमना राजीनामा लिहून देतेय.”

ज्योतिबा समोरच्या खुर्चीवर बसले. सुनेसमोर खुर्चीवर असं ते कधी बसायचे नाहीत.

“ते फाड, पोरी.”

“नाही आबा, मी विचार केलाय.”

“फाड म्हणतो. तुजी चूक न्हाय. पाकिटं मी देत हुतो तिला.”

तेजश्रीला आधी समजलंच नाही. “कसली पाकिटं?”

“रिंगा. वेफर्स. खाली कुंदनच्या दुकानातनं. बागेतनं येताना.”

“कधी?”

“रोज. तू यायच्या आधी.”

“कधीपासून, आबा?”

“दीड वर्ष झालं. रविवार सोडून. रविवारी तुमी घरी असता म्हनून.”

ती हळू आवाजात म्हणाली, “आणि राजी कधी बोलली नाही?”

“मीच सांगितलं हुतं. आईला सांगायचं न्हाय.”

हे ऐकल्यावर मात्र तिनं तोंडावर हात धरला. ज्योतिबांना वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “आबा, मी रोज रात्री झोपताना विचार करायचे की माझ्या हातालाच काहीतरी खोट आहे. डॉक्टरसमोर मी खोटी ठरले. तुम्ही तिथं होता. परवा हे मला एवढं बोलले, तेव्हा पण तुम्ही बाहेर होता.”

“व्हय.”

“का दिलंत?”

शिवतेज पदराआड कसा लपायचा ते सांगावं असं ज्योतिबांना वाटलं, पण ती सबब झाली असती. शेवटी म्हणाले, “ती पळत यायची माज्याकडं.”

तेजश्रीनं कागद फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला. उठून उभी राहत म्हणाली, “ह्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. मला कोणाच्या तक्रारी करायच्या नाहीत.”

रविवारी सकाळी शिवतेज गॅलरीत दाढी करत होता. ज्योतिबा त्याच्या मागं जाऊन उभे राहिले आणि जे सुनेला सांगितलं तेच, शब्द न बदलता, सांगितलं. शिवतेजचा हात थांबला. आरशातून त्यानं बापाकडं बघितलं. मग हसला.

“अरे आबा, त्यात काय एवढं. आजोबा म्हटल्यावर लाड करणारच. जाऊ द्या, टेन्शन नका घेऊ. आता नका देऊ म्हणजे झालं.”

ज्योतिबा तसेच उभे राहिले. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. तेजश्री ऐकत होती.

“मला जाऊ द्या म्हनतोस,” ज्योतिबा म्हणाले. “तिला का न्हाय म्हनलास?”

“म्हणजे?”

“चूक तिची हाय असं वाटलं तवा तू तासभर बोललास. नोकरी सोड म्हनलास. आता माजी हाय म्हनून कळलं तर हसतोस. हे काय बरं न्हाय, शिवतेज.”

आजवर बापानं त्याला असं कधी काही सुनावलं नव्हतं. तेवढा वेळही कधी मिळाला नव्हता. शिवतेजच्या गालावर साबण वाळायला लागला. “तसं नाही आबा, मी काय...” त्यानं तोंड धुतलं आणि तो आत गेला. आत काय बोलणं झालं ते ज्योतिबांना ऐकू आलं नाही. त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, चपला घालून खाली गेले. सोमवारी तेजश्री नेहमीच्या वेळेला कामावर गेली.

राजीला सांगायचं काम सगळ्यात अवघड निघालं. बाकड्यावर बसून ज्योतिबा तिला म्हणाले, “राजे, आबा चुकला. आईला सगळं सांगायचं असतं. आता पाकीट न्हाय मिळायचं.” राजीनं पुढचं काही ऐकलं नाही. ती दुकानासमोर आडवी पडली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. कुंदन काउंटरमागून बाहेर आला, त्यालाही अपराध्यासारखं झालं होतं. “मी ती माल काढून आत ठेवतो आबा,” तो म्हणाला, “तिच्या नजरंला पडाला नको.” आणि खरंच त्यानं बरेच दिवस ती माळ आत टांगली.

राजी आठ दिवस आबांशी बोलली नाही. शाळेतून येताना बोट धरायची नाही, दप्तराचा पट्टा धरून दोन हात लांबून चालायची. हाक मारली की मान वळवायची, पूर्वी वळवायची तशी. ज्योतिबांना ज्याची भीती होती ते अगदी तसंच झालं. रात्री खाटेवर पडल्यावर ते स्वतःला म्हणायचे, हे आपल्याला भोगलंच पाहिजे. पण पोरीला कशाला? तिनं तर आपण सांगितलं तेवढंच केलं होतं.

बागेतून आल्यावर आता तिला खरीखुरी भूक लागायची, ही एक गोष्ट मात्र लगेच झाली. साडेसहालाच ती चिडचिड करायला लागायची. तेजश्री यायला अजून अर्धा तास, मग स्वयंपाक, म्हणजे आठ वाजणार. ज्योतिबांनी एक दिवस विचारलं, “पोरी, संध्याकाळचं मी करू का? माळ्यावर आठजणांचं करायचो की पाळीपाळीनं.” तेजश्रीनं ओट्याकडं बघितलं. स्वयंपाकघर त्यांच्या हातात द्यायला तिचं मन धजत नव्हतं, ते त्यांना दिसलं. मग म्हणाली, “तिखट कमी टाका.”

ज्योतिबांना फुलं कापता येत नव्हती. त्यांना येत होतं ते साधं. घेवड्याची आमटी, मेथीची पातळ भाजी, मुगाचं पिठलं, ज्वारीची भाकरी. पहिल्या दिवशी भाकरी जाड झाली आणि राजीनं ती ढकलून दिली. ज्योतिबांनी काही म्हटलं नाही. डॉक्टरबाईंनी फोनवर तेजश्रीला सांगितलं होतं, नवी चीज मुलांना दहा-दहा वेळा ताटात दिसावी लागते, भरवू नका, मागे लागू नका. ज्योतिबा साडेसहाला दोन ताटं घ्यायचे, एक तिचं, एक स्वतःचं. टीव्ही बंद. समोरासमोर खाली बसायचे आणि आपलं आपलं जेवायचे. राजी दहीभात खायची, बाकी शिवायची नाही. पहिला आठवडा तसाच. दुसऱ्या आठवड्यात तिनं मेथीचं एक पान उचललं, जिभेला लावलं आणि परत ठेवलं. ज्योतिबांनी बघितलंच नाही असं दाखवलं.

एक दिवस त्यांनी घाई केली. तेजश्रीला चांगली बातमी सांगावी म्हणून त्यांनी घास करून राजीच्या तोंडाशी नेला, “एवढाच, आबासाठी” म्हणत आत घातला. राजीनं तो तसाच बाहेर काढला आणि त्यानंतर तीन दिवस ताटासमोर बसायलाच नकार दिला. ज्योतिबांनी ते तेजश्रीला त्याच संध्याकाळी सांगितलं. आता ते तिला सगळंच सांगायचे, नको इतकं. “आज मी घास कोंबला. चुकलं माजं.” तेजश्री थकलेल्या आवाजात म्हणाली, “मी पण कोंबायचे, आबा.” पाकिटांचं सांगितल्या दिवसानंतर तिनं त्यांच्याशी केलेलं ते पहिलं मऊ बोलणं होतं.

एप्रिलच्या शेवटी कधीतरी घेवड्याची आमटी होती. ज्योतिबांनी आपल्या ताटात भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि हातानं काला करायला लागले. राजी दहीभात सोडून बघत बसली.

“हे काय करता?”

“काला.”

“मी करू?”

त्यांनी ताट पुढं सरकवलं. राजीनं दोन्ही हात घातले. कोपरापर्यंत आमटी गेली, फ्रॉक भरला, चटईवर सांडलं. करता करता तिनं बोटं चाटली. परत चाटली. मग मुठीनं थोडा काला तोंडात टाकला आणि चावत राहिली. ज्योतिबा श्वास रोखून बसले. तिनं चार-पाच मुठी खाल्ल्या आणि म्हणाली, “बास.” त्यांनी तिचे हात धुतले, पण फ्रॉक बदलला नाही, तोंडही पुसलं नाही. तेजश्री दारातून आत आली तेव्हा राजी हनुवटीपर्यंत आमटी लावून तशीच पुढं गेली आणि म्हणाली, “आई, मी आबांचं जेवण खाल्लं.” तेजश्रीनं ज्योतिबांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली, तरी त्यांना हसू आवरत नव्हतं आणि त्या हसण्याचीही लाज वाटत होती.

पण सगळं काही जागेवर आलं असं म्हणता येणार नाही. राजी आजही भेंडी आणि वांगं खात नाही. दुसऱ्या मुलाच्या हातात पाकीट दिसलं की तिची पावलं रेंगाळतात. तेजश्री कामावरून आली की कधी कधी राजीचा हात हातात घेते आणि सहज केल्यासारखा वास घेते. ज्योतिबा ते बघतात. त्यांना वाईट वाटतं, राग येत नाही.

जूनमध्ये पुन्हा रक्त तपासायचं होतं. या वेळी शिवतेजही सुट्टी काढून आला होता, पण आत जाताना ज्योतिबांनी त्याला थांबवलं. “मी जातो हिच्याबरोबर.” डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. दहाच्या वर आलं होतं. “छान,” त्या तेजश्रीला म्हणाल्या, “बघा, ऐकलंत तर फरक पडतो.”

“मॅडम,” ज्योतिबा म्हणाले. उभेच होते. “मागल्या वेळंला तुमी हिला बोलला. लपवती म्हनून. ती लपवत नव्हती. पाकिटं मी देत हुतो. पोरीला खोटं बोलायला पन मीच शिकवलं हुतं. ते तेवढं तुमच्या कागदावर लिवा.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या तेजश्रीकडं वळल्या. “मी तुम्हाला असं बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या. तेजश्री “ठीक आहे मॅडम” म्हणाली आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागली. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते ज्योतिबांना वाचता आलं नाही.

बाहेर ऊन होतं. शिवतेज रिक्षा बघायला पुढं गेला, राजी त्याच्या मागोमाग. तेजश्री आणि ज्योतिबा दवाखान्याच्या पायरीवर थांबले. तेजश्रीनं पर्समधून घडी केलेला तो कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

“आज मला ओव्हरटाइम आहे, आबा,” ती म्हणाली. “नऊ वाजतील. घरात तोंडली आहेत. कराल ना?”

“करतो,” ज्योतिबा म्हणाले. “खाईल का न्हाय ते सांगता येत न्हाय.”

“नाही खाल्लं तर राहू दे. उद्या बघू.”